रुग्णशय्येवरचे ताट

जैन घरातील अर्धा धर्म स्वयंपाकघरात पाळला जातो, असे जुनी माणसे म्हणत. पाणी गाळणे, उकळणे, कंदमुळे उंबरठ्याबाहेर ठेवणे, सूर्यास्तापूर्वी ताटे आवरणे, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणे, ही सारी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती व्यवस्था आहे, याचेही भान घरात कोणाला राहत नाही. ते भान येते घरातील माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर. तेथील चूल परकी असते आणि घड्याळही परके असते. वाढणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ताटात काय चालते आणि काय चालत नाही, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. शिवाय रुग्णाने नेहमीच्या जैन आहाराच्याही एक पाऊल पुढे जाऊन दूध-तूपही सोडलेले असेल, तर सांगण्याचे हे काम अधिकच अवघड होते.

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या एका श्राविकेची ही हकीकत आहे. घरात लहानथोर सारे तिला ‘बाई’ म्हणतात. या घराचा तूप-तेलाचा व्यापार तीन पिढ्यांचा आहे. यजमानांच्या पश्चात थोरला मुलगा पेढी सांभाळतो आणि धाकटा न्यू जर्सीत नोकरी करतो. थोरल्याची मुलगी पुण्यात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेते. लोणकढ्या तुपाचा वास ज्या घराच्या भिंतींत मुरलेला, त्या घरातील बाईंनी दोन वर्षांपूर्वी दूध, दही, ताक, लोणी, तूप सारे सोडले.

त्याचे निमित्त साधेच होते. पेढीला तूप पुरवणाऱ्या एका गोठ्यावर मुलासोबत गेल्या असता त्यांना म्हशी दिसल्या, माद्या रेडके दिसली. नर रेडकू मात्र एकही दिसले नाही. ‘पोरं कुठं गेली?’ असे त्यांनी गोठ्यावरच्या गड्याला विचारले. गडी हसला आणि दुसऱ्या कामाला लागला. त्या परत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चहातले दूध बंद झाले. मुलाने विचारले, ‘मग पेढी बंद करायची का, बाई?’ त्यावर त्यांनी एवढेच सांगितले, ‘पेढी तुमची आहे, ताट माझं आहे. मी माझ्या ताटाचं बोलते.’ त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. पण ज्या घरात भाकरीवर तूप न घालणे हा पाहुण्याचा अपमान समजला जातो, त्या घरात घरच्याच मोठ्या माणसाचे कोरडे ताट रोज दोन वेळा सर्वांना दिसत होते. मुलाच्या मनात त्याचा एक सल राहिला होता.

श्रावणातील एका सकाळी स्थानकातून परतताना ओल्या ओट्यावर पाय घसरून बाई पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्याच दिवशी त्यांना पुण्यातील एका रुग्णालयात हलवण्यात आले. वाटेत, वेदनेने कण्हणाऱ्या आईचा हात हातात धरून मुलाच्या तोंडून दोन वर्षांचे साचलेले बोलणे बाहेर पडले. ‘दूध सोडलंत म्हणून हाडं ठिसूळ झाली. आता तरी हट्ट सोडा.’ बाईंनी उत्तर दिले नाही. पुढील सात दिवस मायलेकांमध्ये हेच वाक्य उभे राहिले, आणि त्या सात दिवसांच्या आहाराचा प्रश्न या वाक्यापासून वेगळा काढता येत नव्हता.

दाखल होताना भरावयाच्या कागदावर आहारासमोर चौकोन होते. मुलाने ‘जैन’ या चौकोनात खूण केली. दुपारी आलेल्या ताटात कांदा, लसूण, बटाटा नव्हता. मात्र पनीरची भाजी, वाटीभर दही, तूप सोडलेले वरण आणि दुधातली शेवयांची खीर होती. रुग्णालयाचे काही चुकले नव्हते. जैन ताटात त्यांना ठाऊक असलेले सर्व काही त्यांनी दिले होते. रात्रीसाठी नातीने ‘व्हीगन’ असे लिहून दिले. तेव्हा दूध-दही गेले, पण बटाट्याचे सूप, कांद्याची फोडणी दिलेला उपमा आणि गाजराची कोशिंबीर आली. शिवाय ताट आले पावणेआठला. त्या दिवशी पुण्यात सूर्यास्त सातच्या सुमारास झाला होता आणि बाईंचे चौविहाराचे पच्चक्खाण झालेले होते.

दोन याद्या होत्या आणि बाई त्या दोन्हींत बसत नव्हत्या. जैन यादीत दूध होते, व्हीगन यादीत कंदमुळे होती. दोन्ही याद्यांतून जे वगळायचे ते वगळल्यावर काय उरते, असा विचार त्या स्वयंपाकघरात पूर्वी कोणी केला नव्हता, कारण तसा रुग्ण आला नव्हता. पहिल्या दिवशी बाईंच्या पोटात दोन केळी, मूठभर खारका आणि घरून आणलेल्या थर्मासमधील उकळलेले पाणी, एवढेच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया असल्याने उपाशी राहणे आवश्यकच होते. पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असे परिचारिकेने काळजीच्या सुरात समजावले, तेव्हा अठ्ठाया केलेल्या बाईंना वेदनेतही हसू आले.

शस्त्रक्रिया यथासांग झाली. खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी उभा राहिला. वॉकर धरून चार पावले चालताना बाईंना घेरी आली. शल्यचिकित्सकांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले की हाड जुळवणे त्यांच्या हाती होते, ते झाले. जखम भरणे, स्नायूंत बळ येणे आणि रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहणे हे पोटात काय जाते यावर अवलंबून आहे. या वयात अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू भराभर झिजतात. निरोगी प्रौढ भारतीयाला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. अशा शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णाला मात्र किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम द्यावी लागतात. बाईंचे वजन ५४ किलो. म्हणजे रोज किमान ६५ ग्रॅम प्रथिने हवीत आणि पहिल्या दोन दिवसांत मिळून त्याचा चौथा हिस्साही पोटात गेलेला नव्हता.

मुलाने हे ऐकले आणि तो थेट आईजवळ आला. ‘आता धर्माचंच सांगतो, बाई. जीव वाचवणं हाही धर्म आहे. एक पेला दूध घ्या.’ बाई म्हणाल्या, ‘जीव वाचवायला मी कुठं नाही म्हणते? पण दुधाशिवाय वाचत नाही, असं डॉक्टर म्हणाले का, तेवढं विचारून ये.’

डॉक्टर तसे म्हणाले नव्हते. त्यांनी रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाईंना बोलावले. पंचविशीतील ती मुलगी खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसली आणि तिने पहिला प्रश्न केला, ‘आजी, तुम्हाला काय चालत नाही ते नको, काय चालतं ते सांगा.’ त्या एका प्रश्नाने सारी दिशा बदलली. तोवर घरच्यांनी आणि रुग्णालयाने मिळून नकारांचीच यादी केली होती. आता होकारांची यादी सुरू झाली. तूर, मूग, मसूर, हरभरा, वाटाणा चालतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, तांदूळ चालतो. शेंगदाणे, तीळ, बदाम, खोबरे चालते. दुधी, दोडका, तोंडली, पडवळ, भोपळा, टोमॅटो, काकडी चालते. सोयाबीनचे दूध आणि टोफू यांची ओळख बाईंना नातीने पूर्वीच करून दिली होती, तेही चालते. ताजे आले आणि ओली हळद चालत नाही, पण सुंठ व हळदपूड चालते. आहारतज्ज्ञ मुलीने मोड आलेले मूग सुचवले, तेव्हा मोड अनंतकाय मानले जातात म्हणून नकोत, नुसते भिजवून शिजवलेले मूग द्यावेत, असे बाईंनी सांगितले. मशरूमचेही तेच. तिने प्रत्येक गोष्टीचे कारण विचारले आणि लिहून घेतले. मध्येच तिने विचारले, ‘दही आणि डाळ एकत्र चालत नाही असंही कोणी कोणी सांगतात, ते कसं?’ बाई म्हणाल्या, ‘ते द्विदल. आता दहीच नाही म्हटल्यावर तो प्रश्न मिटला, बेटा.’

मग तिने वेळा विचारल्या. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी. म्हणजे त्या दिवसांत सकाळी सातनंतर. संध्याकाळी साडेसहाच्या आत जेवण. रुग्णालयाचा पहिला चहा सहाला येई आणि रात्रीचे जेवण पावणेआठला. सहा आहार या साडेअकरा तासांत बसवावे लागणार होते. ती स्वयंपाकघरात जाऊन मुख्य आचाऱ्यांशी बोलून आली, तेव्हा कळले की नळीतून अन्न द्यावयाच्या रुग्णांसाठी आणि लवकर जेवणाऱ्या काही मधुमेही रुग्णांसाठी एक शेगडी सहाच्या आधीच पेटलेली असते. तिच्यावर आणखी एक लहान पातेले चढवणे हे कोणाच्याच दृष्टीने मोठे काम नव्हते. तोवर कोणी विचारलेच नव्हते, एवढेच.

चौथ्या दिवसापासून ताट असे ठरले. सव्वासातला सोयादुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व. साडेआठला मूगडाळीची दोन धिरडी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी. साडेबाराला मऊ ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, दुधीची किंवा दोडक्याची भाजी आणि तिळाची चटणी. साडेतीनला पुन्हा सोयादूध व मूठभर भाजलेल्या फुटाण्यांचे पीठ गुळात कालवून. सव्वासहाला तेलाची फोडणी दिलेली मूगडाळीची खिचडी आणि टोमॅटोच्या रसातला टोफू. मधल्या वेळेला फळे. या सर्वांची प्रथिनांची बेरीज सत्तर ग्रॅमच्या वर जात होती. पहिल्या दिवशी बाईंना त्यातले निम्मेच गेले, दुसऱ्या दिवशी पाऊण. आहारतज्ज्ञ मुलगी रोज उरलेले ताट पाहून जाई आणि पदार्थ मऊ, पातळ किंवा कमी-अधिक करी.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे ताट मुलाला परके वाटत होते, बाईंना मात्र तसे वाटत नव्हते. चैत्र आणि आश्विनात नऊ-नऊ दिवसांची आयंबिलाची ओळी त्या लग्नापासून करीत आल्या होत्या. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ या साऱ्या विगयांना रजा असते. दिवसातून एकदा, मीठ-मिरीपुरते रुक्ष धान्य आणि डाळी खाऊन माणूस नऊ दिवस राहतो. आपल्या समाजात वर्षातून दोनदा हजारो घरांतून दुधाविना स्वयंपाक होतो आणि त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. व्हीगन हा शब्द परदेशातून आला असला, तरी दुधाविना ताट वाढण्याची विद्या या घरांत फार जुनी आहे.

फरक आहे तो हेतूचा. आयंबिल हे तप आहे. त्यात शरीराला कमी देणे अभिप्रेत असते आणि त्याला दिवसांची मर्यादा असते. रोजच्या जेवणातून दूध कायमचे काढायचे असेल, तर त्याची जागा भरावी लागते. बाईंनी दोन वर्षांपूर्वी दूध सोडले ते आयंबिलाच्या रीतीने सोडले. जे होते ते काढले, नवे काही घेतले नाही. भाकरी, वरण, भाजी तीच राहिली, वाटीतले दही तेवढे गेले. आहारतज्ज्ञ मुलीने हे हळुवारपणे, पण स्पष्ट सांगितले. १०० मिलीलीटर गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते आणि न सोललेल्या तिळात त्याहून कितीतरी अधिक. मात्र तिळातले सारे शरीराला लागत नाही. म्हणून नाचणी-तीळ रोज हवेत आणि या वयात गोळीही हवी. कोणत्याही व्यापाऱ्याला हे सहज समजावे. दुकानातून एक माल बंद केला, तर त्या फळीवर दुसरा माल लावावा लागतो. रिकामी फळी काही काळाने गिऱ्हाइकाला दिसतेच.

गोळ्यांचा विषय निघाला आणि नातीचे शिक्षण उपयोगी पडले. औषधांची वेष्टने वाचून तिने एक-एक बाब पुढे मांडली. बाजारातील पुष्कळशा कॅल्शियमच्या गोळ्या शिंपल्यांपासून केलेल्या असतात. त्याऐवजी खनिजापासून केलेली गोळी मागता येते. ‘ड’ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढलेले असते आणि त्याचे मऊ कॅप्सूल जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेले ‘ड’ जीवनसत्त्वही मिळते. बी-१२ हे मात्र सूक्ष्म जंतूंच्या किण्वनातून तयार होते, त्यासाठी प्राण्याकडे जावे लागत नाही. आणि वनस्पतिजन्य आहारात ते भरवशाने मिळत नसल्याने ते घ्यावेच लागते. रुग्णाला देण्यात येणारी प्रथिनांची भुकटी बहुतेक वेळा दुधाच्या निवळीची असते. सोयाबीन किंवा वाटाण्याची भुकटी मागितल्यास उपलब्ध होते.

सर्वांत कठीण प्रसंग इंजेक्शनाचा होता. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायातील शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे लागते. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे हेपारिन आणि त्याच्या कुळातील औषधे डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळवली जातात. नातीला हे ठाऊक होते. आजीला सांगावे की सांगू नये, या विचारात तिची एक रात्र गेली. न सांगणे सोपे होते, पण आजीचा विश्वास तिच्यावर होता. सकाळी तिने सांगितले.

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी डॉक्टरांना विचारावयास सांगितले की दुसरे काही आहे का. असेल आणि धोका नसेल तर ते द्यावे, नसेल तर हेच द्यावे. डॉक्टरांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. प्रयोगशाळेत पूर्णतः कृत्रिम रीतीने बनवलेले फोंडापॅरिनक्स नावाचे इंजेक्शन असते. परंतु मूत्रपिंडे दुबळी असतील किंवा वजन फार कमी असेल, तर ते जपून द्यावे लागते. बाईंचे मूत्रपिंडांचे अहवाल चांगले होते, म्हणून त्यांनी ते बदलून दिले. मात्र आधीची दोन इंजेक्शने टोचून झालेली होती. बाई म्हणाल्या, ‘ताटात काय येतं ते माझ्या हाती, सुईत काय येतं ते डॉक्टरांच्या हाती. झालं त्याची आलोचना करीन. विचारलं नसतं तर मात्र मनाला लागलं असतं.’ काही गोळ्यांत पूड बांधण्यासाठी दुधातील साखर वापरलेली होती. तिला पर्याय मिळाला नाही. त्या गोळ्या बाईंनी निमूट घेतल्या.

रात्री नऊच्या गोळीचा प्रश्न होताच. गावातील स्थानकात चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींकडे मुलगा स्वतः जाऊन आला. त्यांनी सांगितले ते कोणाही श्रावकाने ध्यानात ठेवावे असे आहे. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती सांगितलेल्या असतात. अनवधानाने काही तोंडात गेले तर, अकस्मात काही घडले तर, आणि देहाची व चित्ताची समाधी राखण्यासाठी औषध घ्यावे लागले तर पच्चक्खाणाचा भंग होत नाही. पूर्वाचार्यांनी आजारी माणसाला नियमाच्या बाहेर काढलेले नाही. त्याच्यासाठी नियमाच्या आतच जागा ठेवली आहे. साध्वीजींनी आजारपणापुरते पाणी व औषधाची सूट असलेले पच्चक्खाण घेण्यास सुचवले. बाईंनी ते घेतले, आणि तिसऱ्या दिवसापासून रात्रीची गोळी घेताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसणारा संकोच गेला. मुलाने हा निरोप आणला, या गोष्टीचेही त्या घरात महत्त्व होते. ‘हट्ट’ हा शब्द त्याने त्यानंतर वापरला नाही.

राहिले हाडांचे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत बाईंचे ‘ड’ जीवनसत्त्व आणि बी-१२ दोन्ही कमी आढळले होते. हा कागद हाती घेऊन मुलगा डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले की रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता वेगाने घटू लागते. ही झीज वीस-वीस वर्षे चाललेली असते. दोन वर्षे दूध न घेतल्याने खुबा मोडला, असे म्हणता येणार नाही. पण कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि बी-१२ यांची सोय न करता दूध सोडणे हेही योग्य झाले नाही. मग त्यांनी मुलालाच विचारले, ‘तुम्ही दूध-तूप घेता ना? तुमचं तपासलंय कधी?’ मुलाने तपासून घेतले. रोज दोन पेले दूध आणि घरचे तूप घेणाऱ्या, दिवसभर पेढीच्या सावलीत बसणाऱ्या त्या पन्नाशीच्या गृहस्थाचीही दोन्ही जीवनसत्त्वे कमी निघाली. आपल्याकडील शाकाहारी माणसांत, दूध घेणाऱ्यांतही, ही उणीव नेहमी आढळते, असे डॉक्टरांनी सांगितले. आईच्या गोळ्यांच्या डबीशेजारी मुलाचीही डबी आली. दोघांचा वाद कोणी जिंकला नाही. पण दोघांनाही एकच औषध मिळाल्यावर तो चालू ठेवण्यात काही अर्थ उरला नाही.

हा प्रश्न एका घरापुरता किंवा एका समाजापुरता राहिलेला नाही. धाकट्या मुलाने दूरध्वनीवर सांगितले की अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१८ साली आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली कायदा करून रुग्णालयांना वनस्पतिजन्य जेवणाचा पर्याय देणे बंधनकारक केले. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांनी २०२२ पासून दुपारचे व रात्रीचे जेवण प्रथमतः वनस्पतिजन्यच द्यायचे, आणि रुग्णाला दुसरे हवे असल्यास त्याने मागावे, अशी पद्धत सुरू केली. आपल्या देशातही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र हिरवे चिन्ह जाहीर केले आणि २०२२ मध्ये त्याचे नियम आले. हिरव्या ठिपक्याचा पदार्थ शाकाहारी असतो, पण त्यात दूध असू शकते. व्हीगन चिन्हाच्या पदार्थात ते नसते. मात्र या चिन्हालाही कांदा-लसूण आणि कंदमुळे यांच्याशी कर्तव्य नाही. ती माहिती आपल्यालाच द्यावी लागते.

ती द्यावी कशी, हे या कुटुंबाने आता ठरवून टाकले आहे. नातीने एका कागदावर, एकाच बाजूला मावेल असा मजकूर तयार केला. प्रथम जे चालते ते, धान्य, डाळी, भाज्या या क्रमाने. नंतर जे चालत नाही ते. त्यात ‘दुग्धजन्य’ एवढेच न लिहिता दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, दुधाची भुकटी अशी नावे, कारण आचारी तुपाला दूध मानीत नाही. बिस्किटे आणि तयार सुपांत दुधाची भुकटी असते, याचीही नोंद. मग जेवणाच्या वेळा आणि त्या ऋतूनुसार बदलतात ही सूचना. मग पाण्याचा उल्लेख. शेवटी औषधांविषयी दोन ओळी: पर्याय असल्यास प्राणिजन्य नसलेले औषध द्यावे, पर्याय नसल्यास किंवा तातडी असल्यास डॉक्टरांचा निर्णय मान्य आहे. खाली बाईंची सही. ही शेवटची ओळ बाईंनी स्वतः सांगून लिहवली. आपण बेशुद्ध असताना मुलांवर निवड करण्याची वेळ येऊ नये आणि कोणी कोणाला दोष देऊ नये, हा त्यामागील हेतू. या कागदाची एक प्रत आरोग्य विम्याच्या कागदपत्रांत आहे, एक मुलाकडे आणि एक नातीच्या मोबाइलमध्ये. घरातील आणखी दोघांनी आपापले कागद तयार केले आहेत. त्यांच्या यादीत दूध आहे, आणि बाईंनी त्यावर काही म्हटलेले नाही.

मृत्युपत्र, वारसनोंद, विम्याचा हप्ता यांबाबत व्यापारी घरे दक्ष असतात. आपल्या आहाराची आणि व्रताची अशी एक पानी नोंद त्याच कपाटात असावी. ज्याचा नियम अधिक कडक, त्याने ती अधिक तपशिलाने लिहावी. कारण परक्या स्वयंपाकघरात आपला नियम आपल्याऐवजी तो कागदच बोलून दाखवणार असतो. आणि ज्याने एखादी वस्तू सोडली आहे, त्याने तिच्या जागी काय घेतले, हेही त्याच कागदावर लिहून पाहावे. लिहिता आले नाही, तर आजारी पडण्याची वाट न पाहता आहारतज्ज्ञाला विचारावे.

बाई आठव्या दिवशी घरी आल्या. सहा आठवड्यांनी त्यांनी वॉकर सोडून काठी घेतली आणि पर्युषणात पायऱ्यांच्या कडेच्या गजाला धरून त्या स्थानकात गेल्या. त्या वर्षी त्यांनी उपवास केला नाही. डॉक्टरांनी नको म्हटले होते आणि साध्वीजींनीही. त्याऐवजी स्वाध्याय वाढवला. पेढीवर तूप आजही विकले जाते. पुढच्या बाजूच्या एका फळीवर मात्र नाचणीचे सत्त्व, न सोललेले तीळ आणि सोयादुधाची खोकी लागली आहेत. ती कोणी लावायला सांगितली, असे कोणी विचारले तर मुलगा म्हणतो, ‘गिऱ्हाइकी आहे.’ पहिले गिऱ्हाईक घरातलेच आहे आणि त्याचा हिशेब वहीत रोख लिहिला जातो, कारण बाईंना उधारी चालत नाही.